गोवा आणि वसईकडच्या गावांतली जुनी चर्च व मठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गोव्यातली मोठी चर्च बहुतेकांनी पाहिलेली असतात. आमच्याकडे येणारे प्रश्न मात्र बहुतेक त्यापलीकडच्या गावांबद्दलचे असतात: आत जाता येतं का, हे कोणी बांधलं, भिंती एवढ्या पांढऱ्या कशा, मठ ओसाड का पडले. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात, तिथे दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवलं आहे.

चर्च, कपेल, कॉन्व्हेंट, सेमिनरी यांत फरक काय?

गावाचं मुख्य प्रार्थनास्थळ म्हणजे चर्च. गोव्यात त्याला इगर्ज म्हणतात आणि त्याच्या हद्दीला फिर्गज. वसईकडे या हद्दीला धर्मग्राम म्हणतात. वाड्यावाड्यांवर असतात ती छोटी प्रार्थनास्थळं म्हणजे कपेलं. तिथे वर्षातून एकदा फेस्त, म्हणजे संताचा उत्सव, आणि अधूनमधून मिस्सा, म्हणजे फादरने चालवलेली सामूहिक प्रार्थना, होते. कॉन्व्हेंट म्हणजे एखाद्या संघातल्या संन्याशांचा किंवा जोगिणींचा मठ. सेमिनरीत फादर होऊ घातलेले तरुण शिकतात.

बॉम जेझू आणि सेची कॅथेड्रल पाहिली आहेत. मग गावातली चर्च मुद्दाम का पाहायची?

जुन्या गोव्यातल्या चर्च व कॉन्व्हेंटना १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ती भव्य आहेतच. पण त्यांच्याभोवतीचं शहर कधीच उठून गेलं; तुम्ही पाहता ती एका संपलेल्या राजधानीची स्मारकं. गावातल्या चर्चभोवती गाव आजही नांदतो आहे. तिथे सकाळी मिस्सा होते, रविवारी बाकांवर जागा मिळत नाही, लग्नं लागतात, बारशी होतात, माणसं पुरली जातात. आवारात मुलं फुटबॉल खेळतात.

दुसरं म्हणजे जागेची निवड. कुडतरीचं सांत आलेक्साचं चर्च तळ्याच्या काठावर आहे. हळदोण्याचं सांत तोमेचं चर्च म्हापसा नदीच्या काठी. दिवाडीचं पिएदाद टेकडीच्या माथ्यावर आहे आणि बेटावर जायला फेरीबोट. रेईश मागूशचं चर्च मांडवीच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याला. इमारत आणि भोवतालची जमीन एकमेकांसाठीच असल्यासारखी वाटतात, आणि आमच्या मते या चर्चचं अर्धं देखणेपण यातच आहे. म्हणून दारात गाडी उभी करून थेट आत जाऊ नका. दोनशे पावलं लांब थांबा, शेताच्या बांधावरून एकदा बघा, मग आत जा.

एकच दिवस आहे. काय पाहू?

गोव्यात असाल तर सकाळी राशोल, मग कुडतरी, आणि परतताना तळावलीचं सांत आना. उत्तरेकडे उतरला असाल तर रेईश मागूश, साळगाव आणि हळदोणे. दिवाडीसाठी स्वतंत्र अर्धा दिवस ठेवा, फेरीबोटीची वाट बघण्यात वेळ जातो. एका दिवसात तीनपेक्षा जास्त चर्च करू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. चौथ्या चर्चपर्यंत डोळे थकतात आणि सगळ्या वेदी सारख्याच दिसू लागतात.

तळावलीच्या सांत आनाचं एवढं कौतुक का होतं?

कारण गोव्यातल्या कारागिरांनी युरोपातून आलेली शैली किती आपलीशी केली, हे तिथे एका नजरेत कळतं. बांधकाम १६८१ ला सुरू होऊन १६९५ ला पुरं झालं. दर्शनी भाग पाच मजली, दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे. जवळ गेल्यावर दिसतं की सजावट दगडात कोरलेली नाही. जांभ्यात बारीक कोरीव काम होत नाही. दगड भुसभुशीत आणि सच्छिद्र असतो. म्हणून आकार चिऱ्यांत रचून वर चुन्याच्या गिलाव्यात घडवला आहे. कमानीवरचे शिंपले, खांबांच्या माथ्यावरची पानं, कठड्यांचे गोल कंगोरे, सगळं हाताने दाबून, थापीने ओढून केलेलं. सकाळी ऊन तिरकं असताना त्या गिलाव्यावर गवंड्याच्या हाताचा चढउतार दिसतो. आत मान वर केली की कडेच्या कोनाड्यांवर पुन्हा तेच शिंपले, आता भले मोठे.

सांत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. तिच्या फेस्ताला, जुलैच्या शेवटाला, लोक काकड्या वाहतात. मूल व्हावं म्हणून नवस करणारी जोडपी येतात, त्यांत हिंदूही असतात. गोव्यात याला तवशांचं फेस्त म्हणतात. पावसाळ्यातली कोवळी तवशी, ओली माती आणि मेणबत्त्यांचा धूर एकत्र आलेला तो दिवस चुकवू नये.

चर्च इतकी पांढरी का असतात?

चुन्यामुळे. जांभ्याचा चिरा पाणी पितो. कोकणच्या पावसात तो उघडा ठेवला तर झिजतो, शेवाळतो, भुगा होऊन गळतो. त्यावर चुन्याचा गिलावा आणि पावसाळा सरला की दरवर्षी चुन्याचा हात, हे त्याचं संरक्षण. पांढरा रंग शोभेच्या आधी गरज म्हणून आला. सिमेंटबद्दल विचारायचं असेल तर दुरुस्तीचा प्रश्न खाली आहे.

खिडक्यांना काचेऐवजी काय लावलेलं असतं?

शिंपले. चपटा, पातळ, अर्धवट पारदर्शक असा एक शिंपला खाडीत सापडतो. तो तासून चौकोनी करायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने बसवायचा. काच महाग होती, शिंपले दारात होते. उजेड आत येतो तो दुधाळ आणि किंचित पिवळसर, आणि दुपारच्या कडक उन्हातही सोनेरी वेदी डोळ्यांवर चमकत नाही. एक तावदान जवळून बघा: प्रत्येक शिंपल्यावर वाढीच्या बारीक रेषा दिसतात, कुठे कडेला मोत्यासारखी झाक, कुठे तुटलेल्या जागी पत्र्याचा तुकडा. नव्या शिंपल्यांचं काम करणारे हात आता थोडेच उरलेत, म्हणून बऱ्याच ठिकाणी काच किंवा फायबर आलं आहे. उजेड लगेच बदलतो, आत पाऊल टाकताच कळतं.

हे सगळं पोर्तुगीजांनीच बांधलं ना?

हुकूम, नकाशे आणि संघ त्यांचे होते. पैसा, दगड, हात आणि पुढे पुढे आराखडेसुद्धा इथले. गावकारी, म्हणजे पोर्तुगीज येण्याआधीपासून गावची जमीन सामाईक राखणाऱ्या संस्था, चर्चच्या खर्चाचा मोठा भार उचलत. दिवाडीचं पिएदाद चर्च अंतोनियू जुआंव द फ्रियास या गोमंतकीय पाद्रीने आखल्याचं मानलं जातं.

लाकडी कामात तर इथला सुतार लपतच नाही. प्रवचनाच्या उंच ओट्याखाली, जिथे युरोपात देवदूत असते, तिथे कमरेखाली वळसे घेतलेल्या नागकन्यांसारख्या आकृती भार पेलताना दिसतात. वेदीच्या खांबांवर द्राक्षांच्या वेलीत कमळं मिसळलेली. अशा कामाचे उत्तम नमुने जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात शांतपणे बघता येतात. हे संग्रहालय १९९४ मध्ये राशोलला सुरू झालं आणि पुढे इथे आलं.

देवळं पाडून त्यांच्या जागी चर्च बांधली, हे खरं आहे का?

अनेक ठिकाणी खरं आहे आणि ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकात गोव्यातल्या तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या भागांतली देवळं पाडली गेली. सासष्टीत १५६७ च्या सुमारास हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. माणसांनी देव उचलून नदीपलीकडे नेले, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या फोंड्याकडे. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे असेच गेलेले देव. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. १५६० मध्ये गोव्यात धर्मसभेची चौकशी, म्हणजे इन्क्विझिशन, आली आणि तिचा जाच हिंदूंना तसाच नव्याने बाटलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही झाला.

मग या इमारतींना सुंदर म्हणावं का? म्हणावं, आणि हा इतिहास माहीत असताना म्हणावं. गवंड्याचं, सुताराचं काम त्यामुळे खोटं ठरत नाही. ज्यांनी चार शतकं इथे जन्ममरण पाहिलं, त्या आजच्या गावकऱ्यांकडे त्याचा हिशेब मागायलाही जाऊ नये. त्यांचे पूर्वज बहुतेकदा त्या पाडलेल्या देवळांचेच भक्त होते. हे जुनं नातं तुटलेलं नाही: म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला लोक शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन येतात.

आम्ही ख्रिस्ती नाही. आत गेलेलं चालतं का? मिस्सेला बसलं तर?

चालतं, दोन्ही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, टोपी काढलेली, मोबाइल गप्प. मिस्सेला मागच्या बाकावर बसा. लोक उभे राहिले की उभं राहा. गुडघे टेकायलाच हवेत असं नाही, शांत बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. एकच गोष्ट कटाक्षाने पाळा: ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत जाऊ नका. तो देवळातल्या प्रसादासारखा सर्वांना वाटायचा नसतो, तो फक्त दीक्षित कॅथलिकांसाठी आहे. लोक रांगेत गेले की आपण जागेवर बसून राहायचं. वेदीच्या पायऱ्या चढू नयेत, मिस्सा नसतानाही.

गेलो तर दार बंद होतं. उघडं कधी असतं?

गावातलं चर्च दिवसभर उघडं नसतं. साधारणपणे सकाळच्या मिस्सेच्या आगेमागे आणि संध्याकाळी दार उघडं मिळतं. दुपारी जवळपास सगळी बंद. रविवारी सकाळ हमखास, पण तेव्हा प्रार्थना चालू असते, फिरून बघता येत नाही. आमचा सल्ला: साध्या वारी सकाळची मिस्सा संपायच्या वेळेला पोचा, माणसं बाहेर पडली की देखभाल करणाऱ्याला विचारा. नीट विचारलं तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात, वेदीवरचा कुठला संत कोण हेही सांगतात.

फोटो काढता येतात का? आम्हाला लग्नाआधीचं शूट करायचं आहे.

बाहेरून काढा. आत काढण्यापूर्वी विचारा, फ्लॅश वापरू नका, प्रार्थना करणाऱ्या माणसावर कॅमेरा रोखू नका. लग्नाआधीचं शूट फादरच्या परवानगीशिवाय आवारातही करू नये. आवाराला लागून अनेकदा स्मशानभूमी असते आणि तिथे कुणीतरी आपल्या माणसाच्या क्रुसाशी उभं असतं.

फेस्त बघायला कधी यावं?

प्रत्येक चर्चचं फेस्त त्याच्या संताच्या दिवशी, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. तारखा गावागणिक वेगळ्या. रेईश मागूशचं तीन राजांचं फेस्त ६ जानेवारीला. गोवा वेल्ह्याची संतांची मिरवणूक ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी निघते. सांत आंद्रेच्या चर्चमधून संतांच्या मूर्ती खांद्यांवर घेऊन लोक गावभर फिरतात. हा फ्रान्सिस्कन संघाच्या संन्याशांनी घालून दिलेला रिवाज आहे. तवशांच्या फेस्ताबद्दल वर सांत आनाच्या उत्तरात आलं आहे.

गर्दी नको असेल तर नोव्हेनाच्या एखाद्या संध्याकाळी या. वरच्या माळ्यावर व्हायोलिन आणि गाणारी मंडळी असतात. चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वर वाचायला शिकवत, आणि मुंबईच्या सिनेसंगीतातल्या वाद्यवृंदांत पुढे जे गोंयकार वादक दिसले, त्यांतल्या अनेकांचं पहिलं शिक्षण अशाच शाळांत झालं.

मठ होते ते गेले कुठे?

१८३४ मध्ये पोर्तुगालमध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले आणि पुढच्याच वर्षी तो हुकूम गोव्यात अमलात आला. संन्यासी गेले, मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. छपराची डागडुजी करायला माणूस नाही म्हटल्यावर कोकणात इमारत किती टिकणार? जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन संघाच्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, दर्शनी भाग १९३१ मध्ये, आज एका मनोऱ्याचा अर्धा भाग ४६ मीटर उंच उभा आहे. सांता मोनिकाच्या जोगिणींना मरेपर्यंत राहू दिलं, पण नवी भरती बंद केली. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली.

जिवंत मठ बघायचा तर पिलारला जा. १६१३ मध्ये कापुचिन पंथाच्या फ्रान्सिस्कनांनी टेकडीवर बांधलेला हा मठ १८३५ नंतर रिकामा झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोमंतकीय पाद्रींनी तिथे स्वतःची संस्था उभी केली. फादर आग्नेल द सौझा यांच्या अस्थी इथे आहेत. ते १९२७ मध्ये वारले आणि त्यांच्यापाशी सर्व धर्मांचे लोक येतात. जुन्या मठाच्या ओवऱ्या, मधलं चौक आणि टेकडीवरून दिसणारी जुवारीची खाडी यांसाठी तास-दीड तास ठेवा.

राशोल आणि मराठीचा काय संबंध?

फार जवळचा. राशोलच्या सेमिनरीचा पाया १६०६ चा, जेझुइट संघाच्या पाद्रींनी घातलेला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि सासष्टीत आयुष्य काढून १६१९ मध्ये वारला. त्याने मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला, रोमन लिपीत छापलं गेलं. नवख्रिस्ती मंडळींना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यांच्या ओळखीच्या छंदात ख्रिस्तकथा सांगितली. मराठी वाचकाने राशोलला निदान एकदा जावं असं आम्हाला मनापासून वाटतं. सेमिनरी आजही चालू आहे, म्हणून आधी विचारून जा.

महाराष्ट्रात अशी चर्च कुठे आहेत?

वसईत पुष्कळ. सांडोर, पापडी, मर्सेस, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, सगळी केळी-नारळाच्या वाड्यांत. इथली मिस्सा मराठीत होते आणि बाहेर पडताना कानांवर सामवेदी किंवा वाडवळी बोली येते. इमारती पुन्हा पुन्हा वाढवल्या, बदलल्या गेल्या आहेत, कारण वस्ती वाढली. जुना भाग ओळखायला वेदी आणि मागची भिंत बघा. वसईच्या किल्ल्यात मात्र अवशेषच आहेत. त्यांत फ्रान्सिस्कनांच्या चर्चची जमीन पायांखाली जपून तुडवा, तिथल्या फरशांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. त्या थडग्यांच्या शिळा आहेत.

रायगडात रेवदंड्याला माडांच्या बागेत सातखणी बुरूज उभा आहे, तोही फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा. खाडीपलीकडे कोर्लई गावात माउंट कार्मेलचं चर्च आहे, आणि पोर्तुगीज १७४० मध्ये गेले तरी त्या गावात पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली बोली अजून घरात बोलतात.

आमच्या देवळातल्या घंटेवर क्रूस आहे. असं कसं?

ती बहुधा वसई मोहिमेतली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरचीही त्याच वाटेने आलेली. घासून लखलखीत करू नका आणि ऑइलपेंट तर मुळीच देऊ नका, अक्षरं बुजतात. सगळ्या घंटा मात्र लुटीतल्या नाहीत: ऑगस्टिनियनांच्या कोसळलेल्या चर्चची घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

साळगावचं चर्च बाकीच्यांसारखं का दिसत नाही?

कारण ते उशिराचं. १८७३ मध्ये पुरं झालेलं हे चर्च टोकदार कमानींच्या गॉथिक धर्तीचं आहे आणि रात्री दिव्यांत शेतामागे उजळलेलं दिसतं. आतली मारियेची मूर्ती मात्र जुनी, जुन्या गोव्याकडच्या देवमातेच्या पडक्या मठातून आणलेली. तेव्हा शैलीवरून चर्चचं वय ठरवलं तरी आतल्या वस्तूंचं ठरवू नका.

आमच्या गावच्या कपेलाची दुरुस्ती काढली आहे. गवंडी सिमेंटचा गिलावा करू म्हणतो. करावा का?

करू नका. चिऱ्याची भिंत पाणी आत घेते आणि बाहेर सोडते. चुना तिला तसं करू देतो. सिमेंट वरून बंद करतं, पाणी आत अडकतं, क्षार साचतात आणि चार-पाच पावसाळ्यांत गिलावा चिऱ्याचा पृष्ठभाग घेऊनच फुगून सुटतो. चुना महाग पडतो, वेळ खातो, मुरवलेला चुना हाताळणारा माणूस शोधावा लागतो, हे सगळं मान्य. तरीही.

‘जुना दगड उघडा दिसू दे’ हा मोह दुसऱ्या टोकाचा. बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून तिथला उघडा चिरा पावसाने झिजतो आहे. इमारत जुनी दिसावी म्हणून तिचं कातडं सोलू नये.

क्रम असा ठेवा: आधी कौलं आणि पन्हळी, मग भिंतीच्या पायथ्याचं पाणी, मग गिलावा, सगळ्यात शेवटी वेदी. वेदीच्या सोनेरी लाकडावर बाजारातला सोनेरी रंग मारू नका. खालचा खरा वर्ख पुन्हा मिळवता येत नाही. वाळवी दिसली तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी लाकडाच्या जतनाचं काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा. आणि जुन्या फरशीवर ग्रॅनाइट टाकण्यापूर्वी खाली थडग्याच्या शिळा आहेत का, ते नक्की तपासा.

आजोबांचा बाप्तिस्मा गोव्यातल्या गावात झाला होता. आम्ही परदेशात असतो. नोंद मिळेल का?

आधी त्या फिर्गजीच्या कार्यालयात लिहा. नाव, आईवडिलांची नावं, वाडा आणि साधारण साल द्या. घरातली हाक मारायची नावं नोंदीत सापडत नाहीत, बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव लागतं. जुन्या वह्या पोर्तुगीजमध्ये असतात. गाव मोठं असेल किंवा पुढे त्यातून नवी फिर्गज निघाली असेल, तर शेजारच्या मूळ चर्चमध्येही चौकशी करा, कारण वही बहुधा तिथेच राहिलेली असते.